सगळी वारुळावरची

काय म्हणालात? — थांबा, असं नाही ऐकू येणार, पट्टा थांबवतो आधी — हं, झाली गिरण बंद. आता बोला. तोच शब्द परत बोला. — अळंबी? ह्या गोणीत अळंबी आहे? — शी, शी, शी! मॅडम, ती गोणी आधी तिथून उचला. हसू नका, मी मस्करी करत नाही. तिथं लोकांचे डबे आहेत, ज्वारी आहे, तांदूळ आहे, खायची वस्तू आहे — उंबऱ्याबाहेर ठेवा, गटाराच्या कडेला ठेवली तरी चालेल. अहो, तुमचे ते विद्याधर साहेब गेल्या महिन्यात पहिली गोणी घेऊन आले, तेव्हा हा शब्द त्यांच्या तोंडून निघाला नाही. फायबर म्हणाले. "दशरथराव, फायबर आहे, बारीक दळून द्या, आमच्या अंधेरीच्या कंपनीतलं मशीन बिघडलंय." गोणीवर इंग्रजीत लिहिलं होतं काहीतरी, मशरूम की काय — आता मला काय माहीत मशरूम म्हणजे काय? मला वाटलं कंपनीचं नाव असेल. सातवी शिकलेला माणूस मी. आमच्याकडे अळंबीला अळंबी म्हणतात, नाहीतर कुत्र्याची छत्री म्हणतात, तिसरा शब्द नाही. एक खायची, एक न खायची. आणि त्या दोघींच्या मधे — जाऊ दे. मधे काय असतं ते तुमच्या कॉलेजात शिकवत नसतील.

आणि फायबर म्हटल्यावर मी काय समजणार, सांगा ना? सत्तावीस वर्षं साचे, म्हणजे माग, चालवले मी परळला, कापडाच्या गिरणीत. संपात गिरणी गेली, त्याला चार वर्षं झाली, मग इथं भटवाडीत ही पिठाची गिरण घेतली — लोक हसतात, दशरथ गिरणीतून सुटला नि गिरणीत पडला म्हणून. तर आमच्या भाषेत फायबर म्हणजे कापसाचा तंतू. खात्यात नुसता उडायचा, केसांत, भुवयांत, डब्यातल्या भातावर. साहेब म्हणाले, हे पोटाला चांगलं असतं, आतडी साफ ठेवतं. मी म्हटलं, साहेब, मग आमची आतडी सोन्याची असायला पाहिजेत, आम्ही सत्तावीस वर्षं नाकातोंडानं फायबर खाल्लं, तेही फुकट. खूप हसले ते. — मी ओरडतोय असं वाटतंय ना तुम्हाला? माफ करा हं. साच्यांच्या आवाजात कान गेले, डावा तर पुरता गेला, स्वतःचा आवाज किती ते कळतच नाही. नि इथं दिवसभर परत ही चालू. तसं चालू असली की बरं असतं, काय वाटेल ते बोला, मागच्या खोलीत काही जात नाही. बायकोला शिव्या घातल्या तरी तिला पत्ता नाही, म्हणून तर संसार टिकला! — हो, त्या पडद्यामागे घरच आमचं. नाही हो, आता कोणी नाही घरात. जानकी, बायको माझी, देवळात गेलीय. तेवढ्यासाठीच सांगतोय. ती यायच्या आत ही गोणी इथून गेली पाहिजे. ह्यात काय आहे ते तिच्या कानावर जाता कामा नये. बस, बाकी मला काही नको.

नाही, घाण आहे असं नाही म्हणत तुम्ही, माहीत आहे मला. तुम्हाला पगार आहे त्याचा. पण मी दळलंय ते, मॅडम, मला माहीत आहे. कसला तो वास! ओल्या चपला कोपऱ्यात कुजतात ना, तसला. रविवारी संध्याकाळी, सगळी गिऱ्हाइकं गेल्यावर दळायला घेतलं, तर ती भुकटी उडून माझ्या घशात बसली, रात्री जेवण गेलं नाही. मळमळ मळमळ. आणि चिवट किती! धान्य कसं, दगडात गेलं की फुटतं नि सुटतं. हे सुटायलाच तयार नाही. दगडाला टाक्या मारलेल्या असतात ना, त्या खाचांत जाऊन बसलं. मी मूठ-मूठ गहू टाकून दोनदा गिरण साफ केली, मग फडक्यानं पुसली, कारण दुसऱ्या दिवशी श्रावणी सोमवार — श्रावणात सोमवारी सकाळी पहिलं दळण उपवासाचं असतं माझ्याकडे. तुम्हाला ठाऊक नसेल, गिरणीचं पण सोवळं-ओवळं असतं. गव्हावर गहू, ज्वारीवर ज्वारी, बाजरीनंतर तांदूळ घेतला तर बाई पीठ तोंडावर फेकून मारते. उपवासाचं तर विचारूच नका. सगळी गिरण धुतल्यासारखी पाहिजे.

तर आल्या सुहासिनीबाई. बँकेतल्या, वरच्या बिल्डिंगीतल्या. राजगिरा, वरी, साबुदाणा, दोन किलो भाजणी. मी दळली. रंग जरा मळकट आला, मी म्हटलं राजगिरा जुना असेल. गेल्या त्या. गुरुवारी परत हजर! म्हटलं आता वाट लागली, ही बाई चार लोकांत माझं नाव काढणार. तर बाई इकडे बघतात, तिकडे बघतात, आणि हळूच म्हणतात — मला हळू ऐकू येत नाही, म्हणून त्यांना तीनदा म्हणावं लागलं, रांगेतल्या सगळ्या बायकांनी ऐकलं — "दशरथ, तुझ्या दळणात काय आहे रे? आमच्या ह्यांना चार-चार दिवस होत नव्हती, त्या भाजणीची थालिपीठं खाल्ली आणि रोज सकाळी चहाबरोबर झकास!" तशीच दळून दे म्हणाल्या, हाताला गुण आहे तुझ्या म्हणाल्या. आता बोला! उपवासाला, शंकराच्या सोमवारी, त्या माणसाच्या पोटात काय गेलं? कुत्र्याची छत्री गेली! त्यांच्यात चातुर्मासात कांदा चालत नाही हो. मला तेव्हा माहीत नव्हतं, माझी काही चूक नाही, तुम्ही सांगितलं असतंत तर मी दगडाला हात लावू दिला नसता. पण पाप कुणाच्या माथी? ज्याची गिरण त्याच्या.

काय आहे ते? कागद? — दाखवा. मराठीतच आहे, वाचतो की. "अळंबीच्या देठांपासून तयार केलेले नैसर्गिक तंतुमय..." बरं, बरं. "डबाबंद अळंबी तयार करताना वाया जाणारे देठ..." म्हणजे कचरा! वरचं फूल डब्यात घालून हॉटेलांना, आणि देठं आमच्या पोटात. वा! श्रीमंत माणसाला गव्हाचा कोंडा नको, मैदा पाहिजे. मैदा खाऊन अडकलं की मग कोंडा पाहिजे, तोही डॉक्टरांनी लिहून दिलेला. आणि हे काय — "शौचास दिवसातून किती वेळा? घट्ट, मध्यम, सैल — योग्य तिथे खूण करा. रंग." रंग? मॅडम, हे तुम्ही विचारता लोकांना? तुम्ही, एवढ्या शिकलेल्या, चांगल्या घरच्या, दारोदार जाऊन लोकांना हगणं विचारता? आईबापांनी ह्यासाठी कॉलेजात घातलं? — नाही, नाही, रागावू नका. माझी जीभ अशीच आहे. बसा त्या पिंपावर. पण मला शिसारी येते, खरंच येते. आणि हे वाढतं कशावर ते नाही लिहिलंय ह्यात. कशावर वाढवता तुम्ही? — पेंढा. नि? — नि काय? — लीद! घोड्याची? अरे देवा. बास. बास झालं. म्हणजे घोड्याच्या घाणीवर उगवायचं, माणसाची घाण काढायची. झकास धंदा आहे, दोन्हीकडून.

आपोआप उगवतं तेच खरं तर चांगलं. तसं चांगलंच म्हणतात सगळे. आमच्याकडे कुडाळच्या बाजूला श्रावणात वारुळावर येते अळंबी. पांढरी, टोकाला जरा करडी, बोटाएवढ्या दांड्याची. आमची ग्रामदेवी सातेरी, तिचं देऊळ म्हणजे वारूळच, वारुळाचीच पूजा. म्हणून वारुळावर आलेली अळंबी म्हणजे तिनं दिलेली. नमस्कार करून काढायची. वारुळावर जेवढी असेल तेवढीच, एक वीतभर बाजूची घ्यायची नाही — म्हातारी माणसं सांगायची, वारुळावरची देवीची, बाजूची यमाची. तिरफळं घालून, ओलं खोबरं लावून — — नाही. मी नाही खात. बावीस वर्षं झाली, आमच्या घरात तो शब्द निघत नाही.

काय? पहिल्या गोणीत अर्धा किलो कमी भरलं? — ती घट, मॅडम. दळणात घट जाते. उडतं थोडं, दगडात राहतं थोडं. विद्याधर साहेबांना विचारा — अर्धा किलो म्हणजे काही — — असं काय बघता माझ्याकडे? चोरलं म्हणता? — बरं, घेतलं. हो, घेतलं, घ्या लिहून! गोणी शुक्रवारपर्यंत इथं पडून होती, तुमची गाडी आली नाही, गुरुवारी सुहासिनीबाई ते बोलून गेल्या, आणि मी डालड्याच्या डब्यात काढून घेतलं अर्धा किलो. मला काय खायचं होतं ते? जानकीसाठी घेतलं.

तुम्ही बाईमाणूस आहात म्हणून सांगतो, नाहीतर कुणाला सांगावी अशी गोष्ट आहे का ही? तिचं पोट म्हणजे दगड, मॅडम. गेली कित्येक वर्षं. पाच-पाच, सहा-सहा दिवस काही नाही. एरंडेल झालं, इसबगोल झालं, वैद्याच्या पुड्या झाल्या, त्या पुड्यांनी मुरडा यायचा, गडबडा लोळायची पण सुटका नाही. नि आमच्या चाळीला संडास किती? बत्तीस घरांना चार, त्यातला एक कायम तुंबलेला. पहाटे जाऊन बसायची. तासभर. बाहेर बायका टमरेल वाजवणार — "ओ जानकीबाई, आत संसार थाटलात काय?" ती आतून घामाघूम, रडकुंडीला आलेली, उठून यायची तशीच. रंग काळवंडला, तोंडाला वास, दोन घास जेवायची, तिसऱ्याला ताट सारायची. मला — खोटं कशाला बोलू — मला किळस यायची तिची. रात्री कूस बदलून झोपायचो. माझ्याच बायकोची! तिच्या कण्हण्याची, त्या एरंडेलाच्या वासाची. गिरणीत साच्याच्या आवाजात उभं राहणं परवडायचं, घरी जाणं नको व्हायचं.

तर चमचाभर भाकरीच्या पिठात मिसळायला लागलो. पीठ मीच देतो ना घरात. तिला नाही सांगितलं, म्हटलं कंपनीचं औषध, चोरलेलं, सांगायचं कशाला. तिसऱ्या दिवशी — — तुम्ही लिहिताय? कागदावर खुणा करताय? लिहू नका हो! — बरं, लिहा. लिहा, नाव घालू नका. तिसऱ्या दिवशी सकाळी गेली नि पाच मिनिटांत परत आली. मला वाटलं, रांग असेल. तर उंबऱ्यात उभी राहून हसली. बाई हसली, मॅडम! म्हणाली, "आज पोटाक बरा वाटता." मध्यम. मध्यमवर खूण करा. आज तीन आठवडे रोज. भूक लागते, परवा दोन भाकऱ्या खाल्ल्या नि वर विचारते, पेज आहे का उरलेली. माझ्या पाठीला तेल लावून दिलं रात्री. मी कूस नाही बदलली. कशाला सांगतोय मी हे तुम्हाला — बावीस वर्षांत पहिल्यांदा, एवढंच लिहा.

आणि आता तुम्ही सांगता, अळंबी! आता मला सांगा, मी तिला काय सांगू? ती समजते, देवीनं दिलं. श्रावण लागला तेव्हा ती सातेरीला नवस बोलली होती म्हणे, मला ह्यातून सोडव, ओटी भरीन. आता म्हणते, "देवीन माझा आयकला. ह्या चतुर्थीक गावाक जावया." गावाक! जी बाई बावीस वर्षांत गावाची वेस चढली नाही, सासू गेली तेव्हा आली नाही, ती स्वतःहून म्हणते गावाला चला. तिकडे जाऊन वारुळाला हळदकुंकू लावणार आहे. आज इथल्या देवळात त्यासाठीच गेलीय, नारळ दाखवून आणायला. तो नारळ गावी न्यायचा. आणि मी, शहाणा, त्या वारुळासमोर तिच्या बाजूला हात जोडून उभा राहणार? पोटात तिच्या अळंबी घालून? तिला कळलं ना, तर ती घशात बोटं घालून आतडी बाहेर काढील. मरेल ती, मॅडम. ह्या वस्तूनं आमचं घर खाल्लंय.

एक मुलगी होती आम्हाला. माणिक. चार वर्षांची. चौसष्ट सालची गोष्ट. मी मुंबईत, त्या दोघी गावी, चतुर्थीला सुट्टी काढून गेलो. आरतीला माणसं येणार, जेवायला माणसं येणार, चाकरमानी आलाय म्हटल्यावर सगळ्यांचे डोळे त्याच्याकडे. अळंबी केली होती त्या दिवशी. गणपती जाऊन दुसरा दिवस. सगळ्यांनी थोडी-थोडी खाल्ली, ओकाऱ्या झाल्या सगळ्यांना, उठलो आम्ही. माणिकला आवडायची फार, तिनं वाटीभर खाल्ली. तिसऱ्या दिवशी गेली. पोट फुगून, मॅडम. एवढंसं पोट. तालुक्याच्या डॉक्टरापर्यंत बैलगाडीत नेली, वाटेतच. — नको, पाणी नको मला. — आणि सगळा गाव जानकीला बोलला. रांधणारी ती. निवडणारी ती. माझी आई तिला तोंडावर म्हणाली, डोळे फुटले होते काय तुझे, पोरीला छत्री खायला घातलीस. तिनं माणिकची वाटी घासून पालथी घातली. अजून झोपेत म्हणते कधीकधी, "माझाच चुकला, मीच बघूक नाय." तेव्हापासून पोट तिचं — डॉक्टर काही म्हणू देत, मला माहीत आहे कधीपासून. तेराव्यानंतर पोटच बांधून घेतलं तिनं.

नाही, तिनं नव्हतं — काय विचारलंत? बघितलं नाही का तिनं? बघितलं हो. तेच तर. ती बघणारी बाई होती, तिच्यासारखी अळंबी ओळखणारी वाडीत कोणी नव्हती. एक मोडली तिनं, नाकाला लावली, म्हणाली, "हेंचो वास येगळो येता." माझ्यासमोर म्हणाली. मी पाटावर बसून विडी ओढत होतो. मी म्हटलं — — काय म्हटलं मी — मी म्हटलं, सगळी वारुळावरची आहे. मी स्वतः काढून आणलीय ना? शिजव गप. माणसं जेवायला यायचीत.

आणि नव्हती. नव्हती सगळी वारुळावरची! मूठभर होती तिथं. सकाळी गेलो तर मूठभर. माझ्या हातात एवढी मोठी टोपली. मुंबईहून आलेला माणूस, चार माणसांसमोर मूठभर अळंबी घेऊन घरी जाऊ? वाटेत गोठ्यामागे फणसाचं तोडलेलं खोड होतं, सडलेलं, त्याच्या बुडाशी भरभरून आलेली. दिसायला तशीच. अगदी तशीच पांढरी. मला माहीत होतं बाजूची घेऊ नये. पोराटोरांना माहीत असतं. टोपली भरली नि आणली. मी आणली. मी मारलं तिला, मॅडम, जानकीनं नाही. बावीस वर्षं तिनं ते माझं खाल्लं, माझं पाप, ते तिच्या पोटात अडकून बसलं, ते इसबगोलनं निघणार होतं? आणि मी तिचा वास येतो म्हणून कूस बदलायचो. थू माझ्या जिनगानीवर. तुमच्या लीदेत किडे होतील ते बरे, मी नको.

बोलायचं होतं. दर वर्षी वाटायचं. पण आई होती तेव्हा आईसमोर कसं, आई गेली तेव्हा — तेव्हा एवढी वर्षं झालेली. उशीर झाल्यावर खरं बोलायला तोंड पण राहत नाही. तुमच्यासमोर कसं बोललो देव जाणे. त्या शब्दानंच. बावीस वर्षांनी ह्या गिरणीत कोणी तो शब्द उच्चारला. तुमचा काय दोष, तुम्ही आपल्या पोट साफ करायच्या धंद्यात.

ऐका, आता एक काम करा. ती गोणी घेऊन जा, रिक्षा उभी आहे ना बाहेर? घेऊन जा. मी दळणार नाही, साहेबांना सांगा दशरथचा दगड फुटला. पण — कसं सांगू — अर्धा किलो काढून ठेवा. त्या डब्यात. डबा संपत आला माझा, चार दिवसांचं राहिलंय. ही विषारी नाही ना? शेडमधली आहे ना, तपासलेली? शपथ घ्या. — हो, मला माहीत आहे मी काय बोललो, मला किळस येतेय, हात लावायला मन होत नाही. पण तिला दोन भाकऱ्या जातात हो आता. हसते ती. मी मिसळत राहीन, देवीचं म्हणून खाऊ दे, गावाला जाऊ दे, वारुळाला हळदकुंकू लावू दे, मेलो तरी बोलणार नाही मी. एवढी वर्षं एक खोटं पचवलं, त्यावर हे एक चमचाभर. काढा, काढा लवकर, ती येईल एवढ्यात, पुढच्या दारानं येते ती, मी बघतोच आहे दाराकडे, माझं लक्ष आहे —

काय झालं? — तुम्ही माझ्या पाठीमागे काय बघताय?

— मागच्या दारानं? —

कधी इलंस गो? — मॅडम, कधी आली ही? किती वेळ झाला पडद्याशी उभी आहे? — सांगा ना, हात काय दाखवता, किती वेळ? — तुमच्या पाण्याच्या आधी? बैलगाडीच्या आधी? तुम्ही मला बोलला का नाहीत, माझ्या पाठीला डोळे आहेत काय — आणि मी केवढ्यानं बोलत होतो, मला वाटलं — मला सवय, मला वाटलं गिरण चालू आहे —

जानकी. असा बघू नको. काय ऐकलंस? अर्धवट ऐकून — — नारळ माझ्या हातात कशाक देतंस? देवीचा तो. तू नेणार होतंस ना? — तो डबा नको घेव. ठेव खाली तो डबा. जानकी, ठेव.

मॅडम, तुम्ही जा. गोणी राहू दे, कागद राहू दे, नाहीतर घेऊन जा, काय वाटेल ते करा, पण जा आता. आणि ते दार ओढून घ्या.

बोल मा कायतरी. शिव्या घाल. — तोंड हलता तुझा, माका दिसता. — गिरण बंद आसा गो. हळू बोललंस तरी आयकाक येतला माका.